ठमीची तक्रार

पेनाचं टोपण दातांत धरून तिने मान वर केली. पडद्यावर मांजराची अन्ननलिका होती, आत कॅमेरा घालून टिपलेली. गुलाबी नळी मध्येच आवळून इतकी बारीक झाली होती की तिथून शेंगदाणासुद्धा पुढे सरकला नसता.

"हे दुखणं आपण दिलेलं आहे," व्यासपीठावरच्या बाई शांतपणे म्हणाल्या.

जेवणानंतरचं सत्र होतं. नोंदणीचं नूतनीकरण हवं तर असल्या व्याख्यानांना हजेरी लावावीच लागते, म्हणून कुत्र्यामांजरांचे गावातले झाडून सगळे डॉक्टर जमले होते आणि त्यातले निम्मे पेंगत होते. शेजारी तिचा वर्गमित्र. अंगाने काडी, म्हणून कॉलेजपासून त्याला सगळे पैलवान म्हणत. औषध कंपनीने फुकट वाटलेली पिशवी पोटाशी धरून तो डुलक्या काढत होता.

"सर्दी-खोकल्याला आपण सर्रास देतो तीच ही गोळी," बाई सांगत होत्या. "कोरडी दिली की अन्ननलिकेत अडकते, तिथेच विरघळते आणि आतून भाजते. जखम भरताना नळी आवळत जाते. मागून थोडं पाणी पाजलं किंवा दोन घास भरवले, तर हे टळतं."

टोपण तिच्या मांडीवर पडलं. मांजराला गोळी देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मान मागे, गोळी जिभेच्या मुळाशी, नाकावर एक फुंकर, की काम फत्ते. पाणीबिणी काही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हे कौतुकाने शिकवायची. घरच्या मांजराला, ठमीला, सर्दी झाली तेव्हा आईलाही तिनेच शिकवलं होतं, आणि तीच गोळी हातात ठेवली होती.

आणि काल आईचा फोन आला होता.

"ठमीला घास उतरत नाही गं. घेते, मान लांब करते, थांबते, मग सगळं बाहेर येतं. रात्री आडवी झाली की छातीत जळजळतं तिला."

तेव्हा ती एका कुत्र्याची नखं कापत होती, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये अडकवून.

"छातीत जळजळतं? तिने सांगितलं वाटतं तुला?" ती हसली होती. "सर्दीने घसा धरला असेल. गोळ्या चालू ठेव."

गोळ्या चालू ठेव. अन्ननलिका हा शब्द घरात शेवटचा उच्चारला गेला तो बाबांच्या आजारपणात. त्यांचंही घास अडकण्यापासूनच सुरू झालं होतं, आणि दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. त्यानंतर त्या घरात आई आणि ठमी, दोघीच राहिल्या होत्या. आता ठमीही गेली, आणि तीही आपल्या हातून, तर आईला तोंड कसं दाखवायचं? ती उठली.

"कुठे निघालीस?" पैलवान दचकून जागा झाला. "शेवटची सही राहिलीय. सहीशिवाय प्रमाणपत्र देत नाहीत."

"जाऊ दे."

"अगं, अख्खा दिवस पाण्यात जाईल!"

पण ती पिशव्यांना ठेचकाळत दारापाशी पोहोचलीसुद्धा होती.

रस्ताभर आईने फोन उचलला नाही. प्रत्येक सिग्नलला तिला ती आवळलेली नळी दिसत होती. फुगा घालून ती रुंद करता येते, पण पुन्हा आवळते, पुन्हा भूल, पुन्हा फुगा. बरीचशी मांजरं तेवढं सोसत नाहीत.

"आज कशी वाट चुकलीस?" आईने दार उघडत विचारलं.

"ठमी कुठाय?"

ठमी स्वयंपाकघरात, खुर्चीवर. तिने मांजर उचलून ओट्यावर ठेवलं. तोंड उघडून पाहिलं, गळ्यावरून हळूच बोटं फिरवली. मग तिलाही मिळालेल्या कंपनीच्या पिशवीतलं नमुन्याचं कोरडं खाणं ठमीपुढे ओतलं आणि श्वास रोखून उभी राहिली. ठमीने ते कुडूम कुडूम चावलं, गिळलं, मिशा चाटल्या आणि आणखी मागितलं. काही अडकलं नाही, काही बाहेर आलं नाही. उलट चांगली गुबगुबीत झाली होती ती.

"हुश्श," ती म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "अगं, किती घाबरवलंस मला! हिला काही झालेलं नाही."

"आज बरी दिसतेय," आई म्हणाली आणि धुतलेलीच वाटी पुन्हा धुवायला लागली.

ठमी ओट्यावरून टेबलावर उतरली. तिथे आईचं दुपारचं ताट झाकून ठेवलेलं होतं. मांजराने सराईतपणे नाकाने झाकण सरकवलं आणि खायला सुरुवात केली. ताट जवळजवळ भरलेलं होतं. आईने तिला हाकललं नाही.

नळाखाली धरलेल्या आईच्या मनगटातली बांगडी पंजावर घसरली होती. तिला ती बांगडी मनगटावर घट्ट बसलेली आठवत होती. छातीत जळजळतं, हे मांजर कुणाला सांगणार?

आई, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या पेशंटच्या वतीने नेहमी दुसरंच कुणीतरी बोलत असे, आणि ते ऐकायची तिला सवय होती. ती खुर्चीत बसली आणि ठमीच्या पाठीवर हात ठेवला.

"ठमीला कधीपासून अडकतंय, आई?"

नळ बंद झाला. आई पाठमोरीच होती.

"झाले असतील दोनेक महिने."

"पातळ जातं?"

"जातं. हळूहळू."

"आणि गोळ्या कशा घेते? पाण्याबरोबर?" तिने फ्रीजवरच्या आईच्या रोजच्या गोळ्यांच्या डबीकडे पाहिलं.

"कोरड्याच. निजता निजता. पाणी प्यायलं की रात्री उठावं लागतं तिला."

तसं असेल तर नुसतं भाजलेलं असेल. बरं होणारं. तिने त्या आशेला घट्ट धरलं, पण बांगडीवरून तिची नजर हलेना.

"तू मांजरांचं लगेच ऐकतेस," आई म्हणाली. मग अगदी हळू, "तिला बाबांसारखं तर नसेल ना गं?"

रोज कितीतरी लोकांना ती घाबरू नका म्हणायची. आता ते न म्हणता तिने खुर्ची आईकडे वळवली.

"उद्या दाखवू," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

"आत? शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

आईने ओले हात पदराला पुसले आणि समोरच्या खुर्चीत येऊन बसली. तिने पाण्याचा पेला भरून आईपुढे ठेवला. ठमी मुकाट्याने ताट संपवत होती.