चुलीवरचा लॅपटॉप

जाईबाईला जाऊन वर्ष होत आलं तरी तिचा फोटो भिंतीवर लागला नव्हता, आणि याला जबाबदार खुद्द जाईबाईच होती. जन्मात तिनं कुणाला धड फोटो काढू दिला नाही. कुणी मोबाइल वर केला की ती पदर तोंडावर ओढायची, नाहीतर काहीतरी उतू चाललंय म्हणून चुलीकडं पळायची. पुढचा एक दात तरुणपणीच पडलेला, हे त्याचं कारण. कुणाच्या लग्नाच्या फोटोत तिचं कोपर दिसायचं, बारशाच्या फोटोत तिच्या हातातलं बाळ दिसायचं. बाई गायब.

राहता राहिला आधार कार्डावरचा फोटो. त्यात भलेभले चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात, जाईबाई तर दरोड्यात धरल्यासारखी दिसत होती. तरी तिच्या नवऱ्यानं, सोमनाथनं, तो पौडला नेऊन एसटी स्टँडजवळच्या शंभूच्या स्टुडिओत मोठा करायला टाकला. शंभू हौशी गडी. त्यानं कॉम्प्युटरवर जाईबाईला दोन पट गोरी केली, अंगावर जरीकाठी शालू चढवला, मागं निळं आभाळ घातलं. सोमनाथनं फ्रेम घरी आणून वरचा कागद सोडला आणि बराच वेळ बघत बसला.

"ही कुणाची बाई हाय?" त्यानं विचारलं. उत्तर द्यायला घरात कुणी नव्हतं. त्यानं ती फ्रेम उलटी करून तांदळाच्या कणगीमागं सरकवून दिली.

वर्षाचा कार्यक्रम पुढच्या आठवड्यातल्या रविवारी ठरला होता. भंतेजी येणार, वंदना होणार, कोळवण खोऱ्यातले पै-पाहुणे जमणार. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली सोमनाथनं जागा सारवून, चुना देऊन ठेवली होती. त्या जागेवर लावायला बायकोचं तोंड मात्र नव्हतं. म्हातारा फोनवर कधी रडायचा नाही, पण या खेपेला लेकीला म्हणाला, "मला तर आता ती नीट आठवंना झालीया. डोळं मिटलं की शंभूची बाई येती."

लेक उत्कर्षा. हिंजवडीत कंपनीत कामाला, भूगावला फ्लॅट. बापाचं बोलणं ऐकून ती चपापली, कारण तिचंही तसंच होऊ लागलं होतं. आईचा आवाज आठवायचा, तिच्या हाताचा वास आठवायचा, पण चेहरा म्हटलं की आधार कार्ड पुढं यायचं. मग तिला तो जुना लॅपटॉप आठवला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मामानं घेऊन दिलेला. त्यात त्या काळातले सगळे फोटो होते, आणि इतक्या फोटोंत आई एकदा तरी सापडेलच, असं तिला वाटलं.

शनिवारी ती गावी गेली आणि लॅपटॉप कुठाय म्हणून विचारलं. सोमनाथनं बोट वर केलं. चुलीच्या वर माळा होता, बांबूचा, धुरानं काळा कुळकुळीत झालेला. मुळशीचा पाऊस ज्यानं काढलाय त्याला हा माळा सांगायला नको. चार महिने घरात मीठ पाझरतं, चपलांना बुरशी येते, कागद भिंतीला चिकटतात. कोरडी राहते ती एवढीच जागा. म्हणून बियाणं, सुकट, काडेपेट्या, सगळ्या जपायच्या वस्तू त्या माळ्यावर जातात. उत्कर्षाचा लॅपटॉप ही घरातली सगळ्यात जपायची वस्तू. तो जुन्या लुगड्यात गुंडाळून दुधी भोपळ्याच्या बियांशेजारी ठेवलेला होता, आणि खाली दोन वेळची चूल पेटत होती.

उत्कर्षाला हसावं की रडावं कळेना. हा लॅपटॉप घरात पहिल्यांदा आला तेव्हा आईनं त्याला पाटावर बसवलं होतं. अख्खी वाडी बघायला आली होती. तुळजाबाई शेजारीण तर चप्पल बाहेर काढून आत आली होती. उत्कर्षानं कॅमेरा सुरू करून आईला तिचंच तोंड पडद्यावर दाखवलं, तशी जाईबाई पदरात तोंड लपवून इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढं उत्कर्षाला नोकरी लागली, कंपनीनं नवा लॅपटॉप दिला आणि हा घरीच राहिला. लॅपटॉप सुरू केला की आपोआप कॅमेरा उघडेल, असं तिनं आईला गंमत म्हणून करून दिलं. बंद कसा करायचा, असं आईनं विचारलं, तेव्हा एसटीची वेळ झाली होती. ते खालचं लांबडं बटण दाब आणि झाकण लाव, असं घाईत तोंडाला आलं ते सांगून ती पळाली. पुढं कधीतरी आई फोनवर म्हणाली होती की तुझा लॅपटॉप झोपलाय, उठत न्हाई. उत्कर्षानं बरं म्हणून विषय सोडून दिला होता.

तिनं चार्जर लावून बटण दाबलं. आत काहीतरी घरघरलं, काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकली आणि सगळं गप झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. सोमनाथ शेजारी उकिडवा बसून बघत होता. त्याची नजर त्या रेघेवरून हलली नाही. एकाच गोष्टीवर आता सगळा भरवसा होता आणि तीच उठत नव्हती.

सोमवारी तिनं तो ऑफिसला नेला. कंपनीतली यंत्रं दुरुस्त करणारा निषाद तिचा जुना मित्र. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मागचे स्क्रू सोडले, झाकण उचललं आणि मान मागं घेतली. आतल्या पंख्यावर काजळीचा थर बसला होता आणि सुकटीचा असा काही वास सुटला की पलीकडच्या टेबलावरच्या मुलीनं डबा झाकला. उत्कर्षा मात्र तिथंच उभी राहिली. त्या वासानं तिच्यापुढं आईचं स्वयंपाकघर उभं केलं होतं, हिंजवडीत, तिसऱ्या मजल्यावर. तिनं तोंड फिरवून डोळे पुसले.

निषादनं तिला समजावून सांगितलं की हे यंत्र काही आता सुरू व्हायचं नाही. पण फोटो यंत्रात नसतात, ते आतल्या डिस्कवर असतात. घर पडलं तरी पेटी शाबूत असू शकते. त्यानं ती तळहाताएवढी डिस्क काढली, एका डबीत बसवली आणि आपल्या कॉम्प्युटरला जोडली. काहीच दिसलं नाही. वायर बदलली, तरी नाही. मग त्यानं डिस्क पुन्हा काढून तिच्या पितळी टोकांवर खोडरबर फिरवला. रबर काळा झाला. तिसऱ्यांदा जोडली तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र उमटलं, आणि उत्कर्षा खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकली. होतं तेवढं सगळं त्यानं तिच्या लॅपटॉपवर उतरवून दिलं.

संध्याकाळी कंपनीची कॅब नेहमीसारखी ट्रॅफिकमध्ये अडकली. उत्कर्षानं मांडीवर लॅपटॉप उघडला. वसतिगृहाची मेस, गॅदरिंग, ताम्हिणीची सहल, परीक्षेच्या आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर बसलेल्या पाच जणी. त्यातल्या दोघी आता कुठं असतात हेही तिला माहीत नव्हतं. किती बारीक होतो आपण, आणि किती हसत होतो. फोटो संपत आले. गावाकडचेही पुष्कळ होते. खाचरं, गोठा, वासरू, दाढी करणारे दादा, म्हणजे तिचे वडील. आई एका फोटोत पाठमोरी होती आणि एकात तिचा फक्त हात, ताटात भाकरी वाढताना. बस्स. उत्कर्षाला स्वतःचाच राग आला. वासराचे दहा फोटो काढले होते तिनं.

लॅपटॉप मिटता मिटता तिला आणखी एक फोल्डर दिसला. नाव कुणी दिलेलं नव्हतं, यंत्रानं आपणहून दिलेलं होतं. आणि त्यातल्या फाइलींच्या तारखा तिनं घर सोडल्यानंतरच्या होत्या. काहीतरी कचरा असेल म्हणून तिनं पहिली उघडली.

पडदाभर जाईबाई होती.

तोंडात केसांचा आकडा, दोन्ही हात मागं अंबाड्यावर, नजर सरळ समोर. दुसऱ्यात ती डोळ्याखालचं काहीतरी बोटानं ओढून बघत होती. तिसऱ्यात तिनं ओठ वर उचलून पडलेल्या दाताची खिडकी निरखली होती. चौथ्यात नवी साडी होती, खांद्यावरून पदर घेऊन मान एकदा इकडं, एकदा तिकडं. असे किती तरी. सकाळी सकाळी, घरात अंधार, आणि पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर. शेवटचे फोटो धुरकट होत गेले होते, कॅमेऱ्यावर काजळी धरत गेली तसे.

उत्कर्षाच्या टाळक्यात हळूहळू उजेड पडला. आईनं लॅपटॉपचा आरसा केला होता. आणि वेणीफणी झाली की लेकीनं सांगितलेलं लांबडं बटण इमानेइतबारे दाबून झाकण लावलं होतं. ते बटण फोटो काढायचं आहे हे तिला मरेपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तर तिनं लॅपटॉप चुलीच्या वर नाही, चुलीत घातला असता. कॅबमध्ये उत्कर्षा हसत होती आणि रडतही होती, आणि ड्रायव्हर आरशातून काळजीनं बघत होता.

पुढच्या शनिवारी तिनं दादांपुढं लॅपटॉप ठेवला. सोमनाथनं चष्मा पुसला, घातला, काढला, परत पुसला. एकेक फोटो तो इतका सावकाश बघत होता की उत्कर्षाला पुढचं बटण दाबायचं धाडस होईना.

"लॅपटॉपात का बघत हुती?" तो शेवटी म्हणाला. "घरात आरसा हाय की."

आरसा होता. दाराशेजारी, खिळ्याला, तळहाताएवढा. सोमनाथनं तो स्वतःच्या दाढीसाठी स्वतःच्या उंचीला टांगला होता. सोमनाथ ताडमाड, जाईबाई बुटकी. त्या आरशात बघायला मायलेकी दोघींना पाटावर चढावं लागायचं. सोमनाथनं आरशाकडं बघितलं, खालच्या पाटाकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"एकदा म्हणली असती तर खिळा खाली मारला असता मी," तो म्हणाला. "जल्मात म्हणली न्हाई."

उत्कर्षालाही ते कधी सुचलं नव्हतं. तिनं नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग पुढं एक फोटो आला आणि म्हातारा थबकला. पुढं जाईबाई, नुकती वेणी घातलेली, कशाला कोण जाणे, तोंडभर हसत, दाताची खिडकी सताड उघडी. आणि तिच्यामागं दाराशी सोमनाथ. अर्ध्या गालाला साबणाचा फेस, हातात वस्तरा. त्याचा आरसा त्याच्यासमोर होता, पण तो आरशात बघत नव्हता. मान वळवून तो बायकोकडं बघत होता.

"ह्योच," सोमनाथ म्हणाला.

दोघं लगोलग पौडला गेली. शंभूनं फोटो बघितला, मन लावून बघितला, आणि मागच्या खेपेची भरपाई करायची म्हणून कामाला लागला. आधी म्हाताऱ्याला कापून काढतो म्हणाला. सोमनाथनं नको म्हटलं. शंभूला वाटलं, दादांच्या लक्षात येत नाहीये.

"दादा, उद्या ह्याला हार घालणार ना तुमी? जित्या मानसाच्या फोटूला हार घालत न्हाईत."

"मग हार घालत न्हाई," सोमनाथ म्हणाला. "आन् तिला गोरी करू नगंस."

घरी येऊन त्यानं हातोडी घेतली. तसबिरींखाली आधीच ठोकून ठेवलेला खिळा उपटला. भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आपल्या खांद्याच्या थोडं खाली हात धरला, तिथं बोटानं खूण केली. जाईबाईचं डोकं कुठवर यायचं हे त्याला मोजावं लागलं नाही. त्या खुणेवर त्यानं खिळा मारला.

रविवारी भंतेजी आले, मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. फोटोपुढं फुलं वाहिली, पण फ्रेम तशीच मोकळी राहिली. तुळजाबाईनं आधी हार कुठाय म्हणून विचारलं, मग अर्ध्या दाढीच्या सोमनाथला बघून पदरात हसली, आणि मग तिला रडू फुटलं, कारण जाईबाई अशी हसायची हे ती विसरून गेली होती. डोळे पुसून झाल्यावर तिनं दुसरी चूक काढली.

"भावजी, लई खाली लावलाय की वो. मानसांनी वाकून बघायचं का?"

"तिचा आरसा हाय त्यो," सोमनाथ म्हणाला. "तिच्या उंचीला लावलाय."

दिवसभर माणसं येत राहिली, फोटोपुढं वाकत राहिली, हसून आणि डोळे पुसून जेवायला बसत राहिली. पंगती उठल्यावर, घर जरा रिकामं झाल्यावर, उत्कर्षा भिंतीपाशी गेली. तिला वाकावं लागलं नाही. ती उंचीला आईवर गेली होती.