मामा म्हणजे कोण

बंदरालगतच्या त्या लॉजचा मालक अख्ख्या जगाचा मामा होता. खरी भाची एकच, ठमी. पण तिचं ऐकून मोलकरीणही त्याला मामा म्हणू लागली आणि मग देशोदेशीचे उतारू खलाशीसुद्धा. त्यांच्यातले बरेचजण पहिल्यांदा ही हाक ऐकली की घास तोंडात धरून खुदखुदायचे. एवढा मिशाळ, ढेरपोट्या गडी, आणि ह्याला आई म्हणायचं?

मामा चिडायचा नाही. उलट नवा पाहुणा टेबलाशी बसला रे बसला की वाढता वाढता विचारायचा, "तुमच्याकडे मामा म्हणजे कोण?" इटालियन असो, रशियन असो, सगळ्यांची मामा आईच निघायची. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एक इंजिनवाला म्हणाला, आमच्या स्वाहिलीत परक्या बाईलाही मानाने मामा म्हणतात. एक जॉर्जियन आचारी तेवढा असा भेटला की ज्याच्या भाषेत मामा म्हणजे बाप. त्या दिवशी मामाची कॉलर भलतीच ताठ झाली. पण ती फार टिकली नाही, कारण पुढे भाषा शिकवणारे एक मास्तर उतरले. त्यांचं म्हणणं, तान्हं मूल ओठ मिटून उघडतं तेव्हा हा आवाज आपसूक निघतो. ते कुणालाच हाक मारत नसतं. घरातलं जे माणूस आधी धावून येतं, ते तो आवाज आपल्या नावावर करून घेतं.

"म्हणजे आम्ही सगळेच उपटसुंभ," मामा म्हणाला, आणि मास्तरांना आणखी वाढलं.

एवढ्यावर सोडेल तर तो मामा कसला. "बरं, मग तुमची मामा काय करायची?" हे तो हमखास विचारायचा. कुणाची आई वेणी घालताना केस ओढायची. कुणाची आई बोट सुटताना कधीच धक्क्यावर यायची नाही, घरी खिडकीच्या काचा पुसत बसायची. ठमी हनुवटी टेबलावर टेकवून ऐकायची. काय दिवस होते ते!

आता लॉज बंद झालं होतं. त्या लांबलचक टेबलाच्या एका टोकाला मामा आणि ठमी दोघंच जेवत होती. ठमीला सातवा महिना होता आणि बाळंतपणासाठी ती माहेरी, म्हणजे मामाकडेच आली होती.

"मामा, एक रशियन तर दर वर्षी यायचा," ती म्हणाली. "त्याची उत्तरं तुला पाठ होती. तरी तेच तेच का विचारायचास?"

"तुझ्यासाठी. जेवण टाकून ऐकायचीस." मामाने ताट थोडं बाजूला सारलं. "मला ताईबद्दल बोलता यायचं नाही गं. म्हटलं, आपल्याला जमत नाही, तर निदान दुसऱ्यांच्या आया तरी कानावर पडू देत पोरीच्या."

ह्या मुकेपणाचा ठमीला वर्षानुवर्षं राग होता. आज तो विरघळला, पण रडूही आलं.

"जगभरातल्या आया मला ठाऊक आहेत, माझीच तेवढी नाही. मला भीती वाटते, मामा. मला जमेल का हे?"

मामा उठला. आईचा विषय निघाला की तो असाच उठून माजघरात जायचा. दारापर्यंत गेला, पण ह्या वेळी परत येऊन बसला.

"हेच तिने विचारलं होतं," तो म्हणाला. "तुला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा. मी म्हटलं, तुला साधं मांजर सांभाळता आलं नाही. थट्टा केली."

"मग?"

"मग आजारी पडली, तरी तुला खाली ठेवेना. शेवटी हातांत त्राण उरलं नाही, तर मला म्हणाली, माझ्या हातांखाली तुझे हात धर. मी खाटेशी बसायचो. खाली माझे हात, वर तिचे, आणि त्यांच्यात तू." मामाने नाक पुसलं. "जमलं तिला. चांगलंच जमलं."

ठमीने त्याचं ताट पुन्हा त्याच्यापुढे ओढलं.

"आणि ती गेली त्या सकाळी," मामा म्हणाला, "मी फक्त माझे हात काढले नाहीत."