तांब्याचं कडं आणि बिननावाचा नंबर

लॅबच्या सर्व्हरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेक्निशियन, रिसेप्शनिस्ट, इतकंच काय, शेजारचा चष्मेवालाही दुकान उघडं टाकून आला होता. अडलेले मेल मंत्राने पोचवून देणाऱ्या मेलमहाराजांनी सर्व्हरभोवती तांब्याचं कडं बसवलं, डोळे मिटले आणि हुंकार दिला, "पाठवा!"

लॅबचे मालक मामा. त्यांनी बटण दाबलं. महाराजांच्या खिशात फोन वाजला. टिंग!

"पोचला! मेल पोचला!" चष्मेवाल्याने टाळ्या पिटल्या.

भाचीने मात्र हाताची घडी सोडली नाही. तिच्या आईचा बायॉप्सी रिपोर्ट इथून हॉस्पिटलला जायचा होता. हॉस्पिटल फक्त लॅबच्या नोंदलेल्या पत्त्यावरूनच रिपोर्ट घेई, आणि आठवडाभर लॅबचा प्रत्येक मेल परत येत होता. रिपोर्ट नाही, तर ऑपरेशनची तारीख नाही.

"महाराज, आता हॉस्पिटलला पाठवू."

मेल गेला. आणि तसाच माघारी आला.

"इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे," महाराजांनी तिच्याकडे बघत सुस्कारा सोडला. "लहरी बुजतात, बाळ."

"कमालच आहे! हॉस्पिटलच्या मशीनला माझ्या मनातलं कळतं, आईचा रिपोर्ट तेवढा कळत नाही?"

"गप्प बस गं," मामा पुटपुटले. "ताईसाठीच चाललंय ना सगळं?"

"मग आईसाठीच एक प्रयोग करू." तिने कडं काढून खुर्चीवर ठेवलं आणि महाराजांच्या पत्त्यावर पुन्हा मेल धाडला.

टिंग!

"प्रभाव अजून हवेत आहे," महाराज घाईघाईने म्हणाले.

"मग हॉस्पिटलला जाताना त्याला वाटेत सिग्नल लागतो का?"

चष्मेवाला फिसकन हसला.

"मामा, महाराजांचा मेलबॉक्स त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर आहे. तो येईल त्याला आत घेतो. हॉस्पिटलचा सर्व्हर आधी चौकशी करतो, की मेल इंटरनेटवरच्या ज्या नंबरवरून आला त्याचं नाव काय? तुम्ही इंटरनेटची कंपनी बदललीत, तेव्हा आपला नंबरही बदलला. नावावरून नवा नंबर सापडतो, ती नोंद तुम्ही केलीत. नंबरवरून नाव सापडायची उलटी नोंद?"

तिने स्क्रीनवर नंबर टाकून नाव विचारलं. उत्तर आलं, नाव नाही.

"अरे! मग कर की नोंद!"

"आपल्याला नाही करता येत. नंबर कंपनीचा, नोंदही तिनेच करायची. फोन लावा."

मामांनी फोन लावला. दुपारपर्यंत नंबर विचारला की लॅबचं नाव येऊ लागलं, नाव विचारलं की तोच नंबर. रिपोर्ट गेला, आणि या वेळी माघारी आला नाही. तासाभराने हॉस्पिटलचं उत्तर आलं: ऑपरेशन गुरुवारी. मामांनी ते दोनदा वाचलं आणि बहिणीला फोन लावला.

संध्याकाळी महाराजांचाही फोन आला. "बघितलंत? कडं जरा उशिरा लागू पडलं!"

"लागू पडलं ना," मामा म्हणाले. "दाराला टेकवून ठेवलंय. दार आता आपटत नाही."

एखाद्या गोष्टीने गुण आला की नाही, हे बघायला ती गोष्ट एकदा काढून बघायची. एवढं साधं आहे. आणि चमत्कार खरा असेल, तर त्याने एवढ्याशा परीक्षेला का घाबरावं?