टक्केमहाराजांचा कौल

गाद्यांच्या दुकानावरचा हॉल सकाळीच तुडुंब भरला होता. जिन्यावर माणसं, गॅलरीत माणसं आणि ज्याच्या त्याच्या हातात पोराची गुणपत्रिका. आत टक्केमहाराज बसले होते. गुणपत्रिका कपाळाला लावायची, डोळे मिटायचे आणि सर्वांत अवघड इंजिनिअरिंग कॉलेजात पोराला जागा मिळणार की नाही ते टक्क्यांत सांगायचं, हा त्यांचा चमत्कार.

"माझ्या भाचीचं तंतोतंत खरं ठरलं!" असं सांगणारे जिन्याच्या दर पायरीवर भेटत होते. खोटं ठरलं म्हणणारा औषधालाही नव्हता.

थोरल्या लेकीला आईनं ओढूनच आणलं होतं. "गुण कपाळानं कसे वाचतात? डोळे आहेत की," ती पुटपुटली.

"जीभ आवर," आई म्हणाली. बाबा नेहमीप्रमाणे दोघींच्या मागे उभे होते.

महाराजांनी थोरलीची गुणपत्रिका कपाळावर थापली. "ग्रहलहरी, बुद्धिलहरी आणि प्रवेशलहरी एका रेषेत येताहेत... कौल एकांतात मिळेल. आधी माता, मग पिता. आणि ध्यानात ठेवा, कौल ओठांबाहेर आला की फळ गेलं!"

आई आतल्या खोलीतून फुललेल्या चेहऱ्यानं आली. बाबा आले ते घरातलं कुणी गेल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी थोरली इतर कॉलेजांचे अर्ज भरायला बसली, तर आईनं हात धरला. "दुसरीकडे अर्ज करायचा नाही. शंका घेतली की योग मोडतो."

आई आत जाताच बाबा हळूच म्हणाले, "पोरी, त्या मोठ्या कॉलेजचा नाद सोड. उगाच मनाला लावून घेशील."

थोरलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जेवताना तिनं तोंड उघडलं.

"महाराजांनी काय सांगितलं, ते मीच सांगते. आईला सांगितलं, नंबर लागणार. बाबांना सांगितलं, नाही लागणार."

बाबांचा घास हातातच राहिला. "मला आठ टक्के म्हणाले."

"अहो, मला ब्याण्णव म्हणाले!" आई ओरडली.

"दोन्ही मिळून शंभर. हिशेब तरी चोख आहे," थोरली म्हणाली.

"मग सगळ्यांचं खरं कसं ठरतं गं?" आईनं विचारलं.

"जागा मिळाली तर आया गावभर सांगत सुटतात. नाही मिळाली तर बाप मान हलवतात, महाराज म्हणालेच होते म्हणून. ज्याचं चुकलं त्याला वाटतं, आपलीच श्रद्धा कमी पडली. तो कशाला बोलेल?"

आईनं ताट बाजूला सारलं. सकाळी ती कुणाला न विचारता हॉलवर गेली. मागोमाग बाबा आणि थोरली धावले.

"मला ब्याण्णव सांगितले, यांना आठ!" भर गर्दीत आईचा आवाज खणखणला. "आपापल्या नवऱ्याला विचारा, त्याला किती सांगितले ते!"

"पती-पत्नींच्या लहरी जुळत नसतील तर—" महाराजांनी सुरुवात केली. पण जिन्यावर कुजबुज सुटली होती. "तुम्हाला किती?" "सात. आणि तुला?" "त्र्याण्णव!" बघता बघता हॉलमध्ये एकच कालवा झाला आणि महाराज ध्यानाच्या निमित्तानं मागच्या दारानं पसार झाले.

एक सुटाबुटातले गृहस्थ मात्र थोरलीजवळ आले. "पण बाळ, दोन्हीतला खरा आकडा कुठला?"

थोरलीनं कपाळावर हात मारला. "काका, दोन्ही थापाच! जागा किती, अर्ज किती, गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, ते कॉलेजच्या फळ्यावर लिहिलंय. ते वाचा आणि चार ठिकाणी अर्ज करा."

मोठ्या कॉलेजात थोरलीला जागा मिळाली नाही. दुसऱ्या एका कॉलेजात मिळाली, कारण तिथे तिनं अर्ज केला होता. आईचं ओरडणं ज्यांच्या कानांवर गेलं नाही आणि महाराजांवर भिस्त ठेवून ज्यांनी एकच अर्ज केला आणि मुदत घालवली, त्यांची पोरं वर्षभर घरी बसली.

महाराजांचं काय बिघडलं? आता परगावी नोकरीचे टक्के सांगतात म्हणे. तिथेही जिना भरलेला असतो, आणि तोही चांगल्या शिकल्या-सवरलेल्या माणसांनी. नवराबायकोनं घरी बसून एकमेकांना एक प्रश्न विचारला, तर हे दुकान एका दिवसात बंद पडेल. विचारा की! फळ जायला मुळात फळ होतं कुठे?