तांबीला दोष देण्याआधी

मी एक जुनी तांबी आहे. लाजू नका, मित्रांनो. बायका माझं नाव कुजबुजत घेतात, पण मला त्याची लाज वाटत नाही. बोटाच्या पेराएवढं प्लास्टिक, त्याला गुंडाळलेली तांब्याची तार आणि खाली दोन बारीक दोरे, एवढाच माझा देह. दहा वर्षं पाळणा लांबवायचा हे माझं काम. ते मी चोख केलं. तरी माझ्यावर आळ आला आणि तो मी आजही मान्य करत नाही.

इजिप्तमधल्या सोहाग शहराजवळच्या एका गावात डॉक्टर तफीदांनी मला इन्शिराहच्या पोटात बसवलं. आधी तिची तपासणी केली, हत्यारं वाफेत निर्जंतुक केली. तिथे हयगय झाली तर पहिल्या काही आठवड्यांतच जंतू आत शिरतात, हे मी नाकारत नाही. आमच्या वेळी हयगय झाली नाही. तिसऱ्या बाळंतपणात रक्त जाऊन इन्शिराह मरता मरता वाचली होती. चौथं तिला झेपणार नव्हतं, म्हणून मी तिची राखण करत होते.

चार वर्षं सुखाची गेली. इन्शिराह मला विसरूनसुद्धा गेली. आम्हाला याहून मोठी शाबासकी नाही. तिचा नवरा शहात कुवेतला गवंडीकाम करायचा. त्या वर्षी ईदला तो चांगली तीन महिन्यांची सुट्टी घेऊन आला. थोड्याच दिवसांत इन्शिराहच्या ओटीपोटात कळा सुरू झाल्या, ताप चढला, अंगावरून घाण वासाचं पाणी जाऊ लागलं.

हजला जाऊन आलेल्या सासूने, हज्जा नफीसाने, लगेच निकाल दिला. “पोटात तांबं कुजलंय. काढून टाका ते.”

मला असा संताप आला म्हणता!

डॉक्टर तफीदांनी नमुना तपासून घेतला आणि साऱ्यांसमोर सांगितलं, की हे जंतू नवरा-बायकोला एकमेकांकडून लागतात, तांबीने ते आणलेले नाहीत. औषधाने तीन दिवसांत उतार पडला नाही तरच तांबी काढायचा विचार करू. दुखणं अंगावर काढलं तर मात्र गर्भनळ्या कायमच्या बंद होऊ शकतात. मग त्यांनी गोळ्यांची दोन पाकिटं दिली, एक तिला आणि एक त्याला, आणि दोघांपैकी एकाने जरी चुकवलं तरी दुखणं परत येईल, असं बजावलं.

“मला काय धाड भरलीय?” म्हणत शहातने आपलं पाकीट आईच्या हवाली केलं. दुप्पट औषधाने सून दुप्पट लवकर बरी होईल, असं समजून हज्जाने दोन्ही तिलाच खाऊ घातली. बिचारी ओकून ओकून बेजार झाली. कशीबशी बरी झाली आणि महिन्याभरात पुन्हा तापली. पुन्हा माझ्याच नावाने शंख!

या खेपेला नवी पाकिटं घेऊन इन्शिराह दुपारच्या जेवणाला बसली. मुलुखियाच्या पालेभाजीशेजारी तिने नवऱ्याचं पाकीट ठेवलं आणि मुलाच्या नावाने त्याला हाक मारली.

“सलामाच्या बापा, या सगळ्या गोळ्या संपेपर्यंत माझ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तांबी निघणार नाही. अंथरूण निघेल, तुमचं.”

“आईसमोर असं बोलतेस?” शहातचा घास हातातच राहिला.

आता सुनेची काही धडगत नाही, असंच मला वाटलं. एकुलत्या पोराची आई म्हणून गावाने जन्मभर हिणवलेली ती हज्जा उठली. तिने माठातलं पाणी आणून मुलापुढे ठेवलं.

“तुझा बाप सुएझच्या कामावरून आला ना, तेव्हा मलाही अस्संच दुखलं होतं. काढे घेतले ते मी एकटीने. तुझ्या पाठीवर पोर झालं नाही ते झालंच नाही. माझ्या पोटात कुठे तांबी होती? गीळ.”

शहातने गोळी गिळली. पुढेही रोज हज्जा पाणी घेऊन त्याच्यासमोर उभी राहायची. इन्शिराह बरी झाली ती कायमची.

काल माझी दहा वर्षं भरली. डॉक्टर तफीदांनी मला अलगद काढून ट्रेमध्ये ठेवलं. मी काळवंडलेय, पण माझी मान ताठ आहे. मित्रांनो, तांबी असो वा नसो, पोटात कळा आल्या, ताप आला, तर घरच्या बाईला दुखणं अंगावर काढू देऊ नका, दवाखान्यात न्या. आणि मला खुशाल दोष द्या. फक्त त्याआधी एवढं विचारा, की दुसरं पाकीट कोणी खाल्लं?