टेबलाखालची थाप

“बाळाला हॉलिसजवळ एकटं सोडू नकोस हं,” बटाट्याच्या सॅलडमध्ये मोहरी ढवळता ढवळता लोरीन काकू मागच्या उन्हाळ्यात म्हणाली होती. मेरिडिथने ते हसण्यावारी नेलं. हॉलिस म्हणजे तिचे डॅडी, पहिल्यापासूनच विसराळू. आईच्या वाढदिवसाला फुलं घेऊन शेजारणीच्या दारात उभा राहिलेला माणूस तो.

आता हॉटेलच्या सभागृहात, दुसऱ्या रांगेत, मांडीवरच्या लेकीच्या, विनीच्या तोंडातली चोखणी पुन्हा पुन्हा सारखी करत ती मंचाकडे बघत होती. सोमवारपासून तिची नोकरी सुरू होणार होती आणि विनी दिवसभर डॅडींकडे राहणार होती. पाळणाघरात नाव घातलेलं नव्हतं. डॅडींनी घालूच दिलं नव्हतं.

मंचावर अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानकऱ्यांच्या यादीत, यंदा निवडलेले चार जुने खेळाडू बसले होते, नव्या कोऱ्या कोटांत अवघडून. त्यांतले एक डॅडी, आपल्या संघाचे सेंटर, खाली वाकून चेंडू मागे देणारे. त्यांच्या उजव्या हाताला एक जादा खुर्ची होती. तीवर ड्यूई काका, लोरीन काकूचा नवरा. मैदानावर डॅडींच्या शेजारचे गार्ड. त्यांची निवड झालेली नव्हती. “ड्यूई नसेल तर मीही नाही,” असं डॅडींनी आयोजकांना ठणकावलं होतं.

“मिस्टर ग्रँथम, निवडीची बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता?” एका वार्ताहराने विचारलं.

डॅडी गप्प. मेरिडिथची टाच जमिनीवर नाचू लागली.

“छपरावर,” डॅडी एकदम म्हणाले. “पन्हळीतली पानं काढत होतो. उडी मारावीशी वाटली. पण बायको असती तर म्हणाली असती, आधी पानं काढ, मग मार.”

सभागृह हसलं. पुढच्या प्रश्नालाही तसाच खंड पडला. त्याच्या पुढच्यालाही. गळा दाटून आला असेल, असं समजून छायाचित्रकार पुढे सरकले. मेरिडिथ चोखणी उचलायला वाकली, आणि तिला दिसलं. टेबलावरची चादर आखूड होती. खाली ड्यूई काकांचा हात डॅडींच्या मांडीवर पडला, एकदाच. डॅडी बोलू लागले.

“मी छपरावर होतो बघा, पन्हळीतली पानं—”

आता लागोपाठ दोन थापा. डॅडी थांबले, पाणी प्यायले. “जाऊ द्या. ते छप्पर अजून गळतंच आहे.”

पुन्हा हशा. विनी कुरकुरली, मेरिडिथने तिला इतकं घट्ट धरलं होतं.

मग एका तरुण वार्ताहर मुलीने विचारलं, “एवढं मैदान बोंबलत असताना चेंडू कधी सोडायचा हे तुम्हाला कळायचं कसं?”

या वेळी थाप लागली नाही. डॅडींचा चेहरा उजळला. “डोकं माझं खाली. समोर एक बैल अंगावर यायला टपलेला. ऐकू काही येत नाही, मागे बघायची सोय नाही. मग हा गाढव मागे बघायचा आणि माझ्या मांडीवर थाप द्यायचा. थाप पडली की चेंडू सोडायचा. माझे कान म्हणजे ह्याचा हात.”

“तरी तू लवकरच सोडायचास,” ड्यूई काका म्हणाले.

रोज सकाळी काका डॅडींकडे कॉफीला येऊन बसायचे. रिकामटेकडा माणूस, बिस्किटं संपवतो, असं तिला वाटायचं.

कार्यक्रम संपल्यावर तिने त्यांना कॉफीच्या टेबलापाशी गाठलं. डॅडी पलीकडे सह्या देत होते.

“कधीपासून चाललंय हे, काका?”

त्यांनी हातातला कागदी कप फिरवला. “तुझी आई गेली तेव्हापासून. तो म्हणाला, पोरीला कळलं तर नात माझ्या हातात द्यायची नाही ती. पण मी असतो ना तिथे. सोमवारीही असेन. तू बिनघोर कामाला जा.”

सकाळपासून पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडले. काका वाकले, त्यांनी विनीच्या तळव्याला गुदगुल्या केल्या.

“गोड आहे गं. नाव काय ठेवलंत हिचं?”

बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमध्ये त्यांनीच विनीला हातांवर धरलं होतं. त्यांनीच तिचं नाव मोठ्याने उच्चारलं होतं.

“विनी,” ती म्हणाली.

“वा! छान नाव.”

पलीकडे लोरीन काकू उरलेली बिस्किटं रुमालात बांधत होती. तिची नजर हॉलिसवर होती, तो कुठे भरकटत तर नाही ना, यावर. नवऱ्याकडे तिची पाठ होती.

ती वार्ताहर मुलगी वही उघडून आली. “वडिलांबद्दल एखादं वाक्य द्याल? उद्याच्या अंकात घालू.”

“वडिलांचं तुम्ही लिहालच,” मेरिडिथ म्हणाली. विनीला खांद्यावर घेऊन ती लोरीन काकूच्या दिशेने निघालीच होती. तशीच अर्धी वळली. “वाचणाऱ्यांसाठी एवढंच लिहा. दुसऱ्याला सांभाळतोय म्हणून ज्याची तुम्ही कधी काळजी केली नाही, त्याच्याकडे आज जाऊन या. बरा आहेस का, असं विचारू नका. बरा आहे म्हणेल. घरातल्या लेकराचं नाव विचारा.”