सात नंबर

"कोच, तो सात नंबर. त्याला जरा बघून घे ना यार." श्रीरंगने मैदानापलीकडे बोट दाखवलं.

ओपोंगने बुटाची नाडी आवळली. असं बोट त्याला जन्मभर कोणी ना कोणी दाखवत आलं होतं. आधी घानात, मग तुर्कस्तानात, मग ग्रीसमध्ये. गोल करणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात, पाय मोडणाऱ्याला नुसतं कामावर ठेवतात. एवढ्या कारकिर्दीतलं इंटरनेटवर उरलं काय, तर एक व्हिडिओ. एका कोवळ्या पोराच्या नडगीवर आदळलेला त्याचा बूट, आणि तो आवाज. पोरगा पुन्हा कधी खेळला नाही. अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या या आयटीवाल्यांनी तोच व्हिडिओ बघून त्याला हौसेनं कोच आणि खेळाडू म्हणून टीममध्ये घेतलं होतं.

"खेळेन," तो म्हणाला. "पाय मोडणार नाही. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नाहीये."

"अरे, फायनल आहे! एडिसनवाले दर वर्षी आपल्याला धुतात."

"मग खेळून जिंका."

सामना कसला, मारामारीच होती. पहिल्याच कॉर्नरला कुणाचं तरी कोपर लागून ओपोंगचा ओठ फाटला. श्रीरंगने एकाला ढकलून जाळीवर आपटलं. दोन्हीकडच्या बायका काठावरून ओरडत होत्या. त्या धुमश्चक्रीत ओपोंगने सात नंबरच्या पायातून दोनदा अलगद बॉल काढून घेतला.

"वाह अंकल! मस्त!" सात नंबर पळता पळता हसला.

ओपोंगही फाटक्या ओठाने हसला. मैदानात आपण कुणाला आवडलो, ही चव त्याला नवीन होती. सुख वाटलं त्याला.

मग त्याच पोराने गोल केला, आणि श्रीरंगचं डोकं फिरलं. पुढच्या वेळी पोराकडे बॉल आला तेव्हा श्रीरंग दोन्ही पायांनी थेट त्याच्या पायांत घुसला.

तोच आवाज आला.

"बॉल! बॉलच घेतला मी, रेफरी!" श्रीरंगने दोन्ही हात वर केले आणि पाठ फिरवली.

हे ओपोंगनेच त्याला शिकवलं होतं. एका शनिवारी, प्रॅक्टिसनंतर, बीअर पिता पिता, गंमत म्हणून. आधी हात वर, मग पाठ. पडलेल्याकडे बघायचं नाही, बघितलंस की दोषी ठरलास. सगळे पोट धरून हसले होते, आणि तोही.

आता मैदानात कोणी हलत नव्हतं. ओपोंगच्या लक्षात आलं, आपलेही दोन्ही हात वर आहेत. त्याच्याकडे कुणी बोटसुद्धा दाखवलं नव्हतं.

त्याने हात खाली घेतले आणि पोराजवळ गुडघे टेकले. पाय नको तिथे वळला होता, मोजा रक्ताने भिजत होता. त्याने नजर हटवली नाही.

"अंकल, खूप लागलंय का? मला बघवत नाहीये."

"लागलंय. पण मी आहे इथे." ओपोंगने त्याचा हात घट्ट धरला. पोराची नखं त्याच्या तळव्यात रुतली.

व्हिडिओतल्या त्या पोराच्या पाठीवर नऊ नंबर होता. तो पुन्हा खेळला नाही एवढं सोडलं, तर ओपोंगला त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

"नाव काय रे तुझं?" त्याने विचारलं.

"देवांग."

"देवांग," ओपोंग म्हणाला. अँब्युलन्स येईपर्यंत तो तेवढंच म्हणत राहिला.